रानवाटेचा सुवार्तिक : बिशप विल्यम मॅकेन्ड्री

लॉर्ड कॉर्नवॉलिस हे नाव आपण सर्वांनी शाळेच्या इतिहासात वाचलेले आहे. मराठे व निजाम यांना बरोबर घेऊन त्याने १७९२ साली श्रीरंगपट्टणास वेढा घातला व टिपू सुलतानाकडून निम्मे राज्य काढून घेतले. पुढे बंगाल्यात कायमधारा बसविला आणि १८०५ साली तो गाझीपूरला वारला. परंतु हिंदुस्थानात पाऊल ठेवण्याच्या पाच वर्षे आधी, १७८१ च्या ऑक्टोबरात, याच कॉर्नवॉलिसला अमेरिकेत यॉर्कटाउन येथे वॉशिंग्टनच्या सैन्यापुढे आपली सारी फौज शरण आणावी लागली होती. त्या विजयी सैन्यात चोवीस वर्षांचा एक उंचपुरा व्हर्जिनियन तरुण होता. त्याचे नाव विल्यम मॅकेन्ड्री. हाच तरुण पुढे तलवार टाकून घोड्यावर पवित्र शास्त्राची पडशी घालतो, जंगले तुडवीत सुवार्ता सांगतो आणि अमेरिकेच्या भूमीत जन्मलेला पहिला मेथडिस्ट बिशप होतो.

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आपण बहुधा थोर स्त्रियांची चरित्रे देतो. पंडिता रमाबाई, लक्ष्मीबाई टिळक यांच्यावर कितीतरी भगिनींनी लिहिले आहे. यंदा मी मुद्दाम एका पुरुषाचे, आणि तेही जन्मभर अविवाहित राहिलेल्या पुरुषाचे चरित्र घेतले आहे. त्याचे कारण असे की, पाळकांच्या बदल्या ज्या रीतीने होतात आणि ज्या रीतीवर आपल्यातल्या कित्येकींचे संसार एका गावाहून दुसऱ्या गावी हलले, तिच्या घडणीत या गृहस्थांचा मोठा हात आहे. कॉन्फरन्सच्या शेवटच्या दिवशी बिशपसाहेब नेमणुकांची यादी वाचू लागले की मागच्या बाकांवर बसलेल्या पाळकीणबाईंच्या पोटात कसा गोळा येतो, हे मी नव्याने सांगावयास नको. मी स्वतः तो गोळा पुष्कळदा अनुभवला आहे.

मॅकेन्ड्री यांचा जन्म ६ जुलै १७५७ रोजी व्हर्जिनियातील किंग विल्यम परगण्यात झाला. वडील जॉन व आई मेरी. घरी शेती. अमेरिकेतील वसाहतींनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध शस्त्र उचलले तेव्हा विल्यमही सैन्यात गेले. काही काळ ते अ‍ॅडज्युटंट होते, आणि रसदखात्याचेही काम त्यांनी केले. सैन्याला धान्य, मांस, वैरण वेळेवर मिळाली नाही तर शूर शिपायाचेही हात गळतात. म्हणून रसदीचे काम करणाऱ्या माणसाला नकाशा, रस्ते, नद्यांचे उतार आणि माणसांचे स्वभाव हे सारे ठाऊक असावे लागते. ही विद्या त्यांना पुढे जन्मभर उपयोगी पडली असे माझे मत आहे. लढाईतल्या पराक्रमाच्या गोष्टी मात्र त्यांनी कधी रंगवून सांगितल्या नाहीत. म्हातारपणीही त्या विषयावर ते क्वचितच बोलत.

लहानपणापासून ते भक्तिमान होते असेही नाही. विशीत असताना मेथडिस्ट उपदेशकांचे बोलणे ऐकून ते एकदा त्यांच्या मंडळीत उमेदवार म्हणून गेले होते. पण ती ओढ टिकली नाही आणि लढाईच्या धामधुमीत सारेच मागे पडले. १७८७ साली जॉन ईस्टर नावाच्या उपदेशकाच्या सभांनी त्या भागात मोठे उज्जीवन झाले. एका रविवारी सारे लोक ईस्टरचा उपदेश ऐकावयास गेले असता मॅकेन्ड्री आपल्या एका मित्राच्या घरी गेले. मित्राची पत्नी उपासनेला गेली होती. हे दोघे द्राक्षारस पीत, एक विनोदी नाटक वाचीत घरी बसले. बाईंना परत यावयास पुष्कळ उशीर झाला. आल्यावर तिने सभेत काय काय घडले, कोणाकोणाचे अंतःकरण विरघळले, हे एकामागून एक सांगितले. ते ऐकता ऐकता नाटक वाचणाऱ्या पाहुण्याचे मन हलले. पुढचे काही दिवस त्यांनी फार तळमळीत काढले, ईस्टरच्या सभेला गेले आणि तेथे त्यांना शांती लाभली. ही हकिकत पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेविली आहे. भगिनींनो, ईस्टरचे नाव इतिहासात राहिले. त्या बाईचे कोणाच्या ध्यानात नाही. परंतु मॅकेन्ड्रींना प्रथम ज्या तोंडून साक्ष मिळाली ते तोंड एका गृहिणीचे होते. उपासनेहून घरी आल्यावर पदर खोचून चुलीकडे वळण्याआधी ती दोन शब्द बोलली, एवढेच.

उपदेशक व्हावे की नाही याबद्दल ते बरेच दिवस घोटाळले. आपली योग्यता नाही असे त्यांना वाटे. अखेर १७८८ साली बिशप फ्रान्सिस अ‍ॅस्बरी यांनी त्यांना मेक्लेनबर्ग सर्किटवर नेमले. तेव्हा त्यांचे वय तिशीच्या पुढे गेले होते.

सर्किट म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. त्या काळी एका उपदेशकाला एक मंदिर आणि एक बंगला अशी नेमणूक नसे. वीस-पंचवीस किंवा त्याहूनही अधिक ठिकाणे जोडून एक फेरी आखलेली असे. आज या घरी उपदेश, उद्या बारा मैलांवर दुसऱ्या घरी, असे करीत चार ते सहा आठवड्यांनी तो पुन्हा पहिल्या ठिकाणी येई. मधल्या काळात तेथील मंडळी क्लास-लीडर सांभाळीत. उपदेशकाची मालमत्ता म्हणजे घोडा, खोगीर आणि पडशी. पडशीच्या एका टोकाला शास्त्र, गीतांचे पुस्तक व मंडळीचे नियम, दुसऱ्या टोकाला बदलण्याचा सदरा. १८०० सालापर्यंत वर्षाचा पगार चौसष्ट डॉलर होता, मग ऐंशी झाला, १८१६ साली शंभर. तोही पुरा हाती पडेलच असे नव्हते. एवढ्यात बायकामुलांचे भागत नसे, म्हणून लग्न झाले की बहुतेक उपदेशक फिरती सोडून कोठेतरी शेती धरून राहत. अ‍ॅस्बरी यांनी लग्न केले नाही, व्हॉटकोट यांनी केले नाही, मॅकेन्ड्री यांनीही केले नाही. चरित्रकार याला मोठा त्याग म्हणतात आणि तो होताच. पण ज्या व्यवस्थेत उत्तम माणसाने संसार करावयाचाच नाही असे ठरते, ती व्यवस्था बायकांच्या सोयीने आखलेली नव्हती हेही खरे. या बिशपांना नेमणुकीची यादी करताना मुलीची वार्षिक परीक्षा आड येत नसे.

हीच यादी पुढे भांडणाचे मूळ झाली. मॅकेन्ड्री व्हर्जिनियात काम करीत होते तेव्हा त्यांचे वरिष्ठ, म्हणजे प्रिसायडिंग एल्डर, होते जेम्स ओकेली. आपण ज्यांना आज डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंट म्हणतो तेच हे पद. ओकेली मोठे प्रभावी आणि तितकेच हट्टी. अ‍ॅस्बरी एकटेच सर्व नेमणुका ठरवितात, त्यावर कोणाला दाद मागता येत नाही, आम्ही इंग्लंडच्या राजाला हाकलले ते काय बिशपला राजा करण्यासाठी, असा त्यांचा सूर होता. १७९२ साली बाल्टिमोर येथे जनरल कॉन्फरन्स भरली. तेथे ओकेली यांनी ठराव मांडला की, ज्या उपदेशकाला आपली नेमणूक अन्यायाची वाटेल त्याला कॉन्फरन्सपुढे अपील करता यावे, व कॉन्फरन्सला ते पटल्यास बिशपने त्याला दुसरीकडे नेमावे. अनेक दिवस वाद चालला. ठराव मोठ्या मताधिक्याने पडला. ओकेली रागाने उठून चालते झाले आणि त्यांच्याबरोबर गेलेल्यांत मॅकेन्ड्रीही होते. त्या वर्षी त्यांनी नेमणूकही घेतली नाही.

ओकेली यांच्या ठरावात वावगे असे मला काहीच दिसत नाही. ज्याला हलावे लागते त्याला आपले गाऱ्हाणे सांगण्याची जागा असावी, एवढेच तर त्यांनी मागितले. एका वर्षी आमची बदली ऐन परीक्षेच्या तोंडावर झाली. यजमानांनी बिशपसाहेबांना पत्र लिहिले, त्याला उत्तर आले नाही. आम्ही सामान बांधले, गेलो, आणि त्या नव्या मंडळीने आम्हाला अतिशय माया लावली हेही खरे. पण ते पत्र कोणी वाचले तरी का, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. म्हणून १७९२ च्या त्या बाल्टिमोरच्या वादाविषयी वाचताना मी मनाने ओकेलींच्याच बाकावर बसते.

मग मॅकेन्ड्री परत का आले? त्यांनी अ‍ॅस्बरींबरोबर काही दिवस प्रवास करण्याची परवानगी मागितली. ओकेलींच्या तोंडून ज्याला सतत हुकूमशहा म्हणून ऐकले होते, त्याच्याबरोबर ते एकाच वाटेने चालले, एकाच झोपडीत झोपले. त्यांना असे दिसले की, हा मनुष्य दुसऱ्याला ज्या चिखलात पाठवितो त्याच चिखलात आधी स्वतः उतरतो. त्याच्याजवळ घर नाही, जमीन नाही, त्याचा पगार सर्किटवरच्या पोराइतकाच आहे. मॅकेन्ड्री यांनी नॉरफोकची नेमणूक घेतली आणि पुन्हा कामाला लागले. ओकेलींनी आपला वेगळा पंथ काढला. मॅकेन्ड्री त्यात गेले नाहीत. सैन्यात राहिलेल्या माणसाला एवढे नक्की समजते की, सरदार स्वतः पुढे असेल तर त्याचा हुकूम जड वाटत नाही. तथापि बिशपच्या हाती एकट्याने इतकी सत्ता असावी हे त्यांना त्या प्रवासाने पटले होते की नाही, ते पुढील हकिकतीवरून वाचकांनीच ठरवावे.

१८०० सालच्या शरद ऋतूत अ‍ॅस्बरी आणि व्हॉटकोट हे दोघे वृद्ध बिशप डोंगर ओलांडून केंटकीकडे निघाले. त्यांनी मॅकेन्ड्रींना बरोबर घेतले, कारण पलीकडच्या साऱ्या मुलखाची जबाबदारी त्यांच्यावर टाकावयाची होती. हुकूम इतका अचानक आला की, त्यांचे पैसे, पुस्तके व कपडे दुसरीकडे होते ते आणावयासही सवड मिळाली नाही. पण कोणाचे कर्ज नव्हते. लोकांकडून येणे असलेल्यांपैकी शंभर डॉलर त्यांनी गोळा केले, कोटासाठी कापड घेतले आणि ते होल्स्टन भागातील एका शिंप्याकडे शिवावयास टाकून तसेच पुढे गेले. वाटेत त्यांचे काम म्हणजे दोन्ही म्हाताऱ्यांच्या घोड्यांची निगा राखणे व त्यांची सेवा करणे. या प्रसंगाची हकिकत त्यांनी अगदी साध्या शब्दांत नोंदली आहे. बदलीचा हुकूम आला की आपल्याकडे किती ट्रंका आणि किती बिऱ्हाड बांधावे लागते ते आठवले म्हणजे हे एक कोटाचे कापड डोळ्यांपुढून हलत नाही.

डोंगरापलीकडचा हा मुलूख म्हणजे त्या वेळची सरहद्द. दोन देशांमधली सीमा असा तिचा अर्थ नाही. गोऱ्या लोकांच्या वस्तीची ती कड होती आणि ती दरवर्षी पश्चिमेकडे सरकत होती. केंटकी १७९२ साली व टेनेसी १७९६ साली राज्ये झाली होती, ओहायो १८०३ साली व्हावयाचे होते. ज्यांची ती भूमी, त्या मूळच्या जमाती युद्धांनी आणि करारांनी मागे रेटल्या जात होत्या. नव्याने आलेले लोक ओंडके रचून घर बांधीत, झाडे तोडून मका पेरीत. शेजार म्हणजे तीन-चार मैलांवर. डॉक्टर नाही, सुईण मिळाली तर मिळाली, शाळा नाही, मंदिर नाही. दारू मात्र सर्वत्र. अशा घरातील बाईला महिना महिना दुसऱ्या बाईचे तोंड दिसत नसे. तिच्या अंगणात उपदेशकाचा घोडा येऊन थांबला की तो दिवस सणाचा. ती मक्याची भाकरी आणि खारवलेले डुकराचे मांस त्याच्यापुढे ठेवी, मुलांना शेजाऱ्यांकडे पिटाळी, आणि संध्याकाळी तिच्या एका खोलीतच उपासना होई. पुढे तेथे जी मंडळी उभी राहिली तिचा पाया बहुधा अशाच एखाद्या घराच्या चुलीजवळ घातला गेला. अमेरिकेतील मेथडिस्ट कामाचा आरंभच मुळी बार्बरा हेक नावाच्या बाईने १७६६ साली न्यूयॉर्कला आपल्या नातलगाच्या, फिलिप एम्बरीच्या, मागे लागून उपदेश करविला तेव्हा झाला. सरहद्दीवर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडली.

मॅकेन्ड्री यांच्याकडे केंटकी, टेनेसी, ओहायोचा भाग व पश्चिम व्हर्जिनिया इतका प्रदेश होता. तिमाही सभांसाठी त्यांना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सतत घोड्यावर राहावे लागे. पूल नव्हतेच. नदीला पाणी असेल तर घोडा पोहवावयाचा आणि पलीकडे जाऊन ओल्या कपड्यांनी पुढे चालावयाचे. १८०७ साली ते ओहायो नदी ओलांडून इलिनॉयच्या रानात गेले. तेथे जेसी वॉकर हा त्यांचा उपदेशक काम करीत होता. त्या फेरीत ओढे पोहून पार करणे आणि उघड्यावर रात्र काढणे हा नित्यक्रम होता. याच सुमारास कँप मीटिंगची मोठी लाट आली. १८०१ च्या ऑगस्टमध्ये केंटकीतील केन रिज येथे प्रेस्बिटेरियन लोकांनी भरविलेल्या सभेला हजारो माणसे गाड्या-तंबू घेऊन जमली. मेथडिस्ट उपदेशकही त्या लाटेत सामील झाले. त्या सभांत लोक मोठ्याने रडत, बेशुद्ध पडत, अंगाला झटके येत. मॅकेन्ड्री यांनी या उत्साहाला अडविले नाही, पण नुसत्या उत्साहावर विश्वासही टाकला नाही. सभा संपताच नव्या माणसांना क्लासमध्ये बसविणे, त्यांची नावे लिहिणे, त्यांच्यावर लीडर नेमणे हे ते शिस्तीने करीत. रसदखात्याचा माणूस तो. जिंकलेला मुलूख राखावयाचा कसा हे त्याला कळत होते.

त्यांच्या हाताखाली आलेल्या पोरांपैकी पीटर कार्टराइट हा सर्वांत नावाजला. हा दांडगा, अशिक्षित मुलगा पत्ते आणि घोड्यांच्या शर्यती सोडून १८०१ साली मंडळीत आला. मॅकेन्ड्री यांनी त्याला कोणती पुस्तके वाचावी ते नेमून दिले व भेटेल तेव्हा अभ्यास तपासला. घोड्यावर बसून व्याकरण शिकलेला हा कार्टराइट पुढे स्वतः प्रसिद्ध झाला. १८४६ साली तो अमेरिकन काँग्रेसच्या निवडणुकीस उभा राहिला आणि पडला. त्याला पाडणारा उमेदवार होता अब्राहम लिंकन. असो.

१८०८ च्या मे महिन्यात बाल्टिमोरला पुन्हा जनरल कॉन्फरन्स भरली. व्हॉटकोट वारले होते, अ‍ॅस्बरी थकले होते, नवा बिशप निवडावयाचा होता. रविवारी लाइट स्ट्रीटच्या मंदिरात उपदेशासाठी मॅकेन्ड्री उभे राहिले. शहरातील सुशिक्षित मंडळी समोर गच्च बसलेली. सरहद्दीवरून आलेल्या या उपदेशकाचे कपडे जाडेभरडे व ओबडधोबड, जाकीट आणि विजारीच्या मधून लाल फ्लॅनेलचा सदरा डोकावत होता. प्रार्थनेत ते अडखळले. नेथन बँग्स नावाचे एक विद्वान पाळक तेथे होते. असला गावंढळ मनुष्य इतक्या मोठ्या सभेपुढे कशाला उभा केला, असे त्यांच्या मनात आले. यिर्मयाच्या आठव्या अध्यायातील गिलादच्या मलमाविषयीचा प्रश्न मॅकेन्ड्री यांनी विषय म्हणून घेतला होता. थोड्याच वेळात आवाज मोकळा झाला, आणि मग सारी सभा हेलावली. बँग्स यांनीच पुढे हे सारे लिहिले आहे, स्वतःच्या पहिल्या विचारासकट. अ‍ॅस्बरींनी तेथल्या तेथे ओळखले की हा उपदेश यांना बिशप करणार. तसेच झाले. १२८ मतांपैकी ९५ मते मॅकेन्ड्रींना पडली.

आता नेमणुकांची यादी करण्याचा अधिकार त्यांच्या हाती आला, आणि याच ठिकाणी हा मनुष्य मला फार मोठा वाटतो. अ‍ॅस्बरींची पद्धत अशी की यादी एकट्याने करावी, खिशात ठेवावी, शेवटच्या दिवशी वाचावी आणि घोड्यावर बसून निघून जावे. मॅकेन्ड्री यांनी १८११ साली अ‍ॅस्बरींना लिहून कळविले की, ही संपूर्ण जबाबदारी मी एकटा घेणार नाही. प्रिसायडिंग एल्डर प्रत्येक उपदेशकाला आणि प्रत्येक मंडळीला जवळून ओळखतात, तेव्हा त्यांना बसवून, त्यांचा सल्ला घेऊनच मी नेमणुका करीन. अ‍ॅस्बरींना हे आवडले नाही. पण मॅकेन्ड्री हटले नाहीत, आणि तीच पुढे रीत झाली. आज बिशप कॅबिनेट बसवितात व डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंट त्यात आपापल्या पाळकांची बाजू मांडतात, त्याचे मूळ येथे आहे. ओकेलींना जे बाहेर पडून मिळविता आले नाही त्यातला काही भाग मॅकेन्ड्री यांनी आत राहून, सत्तेवर आल्यावर, आपल्याच हाताने देऊन टाकला. सत्ता मिळाल्यावर ती कमी करून घेणारी माणसे मोठ्या संस्थांत राहोत, आपल्या लहान मंडळांतही विरळाच.

दुसऱ्याच वर्षी, १८१२ साली, न्यूयॉर्कच्या जनरल कॉन्फरन्समध्ये त्यांनी मंडळीच्या स्थितीचा लेखी अहवाल वाचला. असे पूर्वी कधी झाले नव्हते. अ‍ॅस्बरी उठून भर सभेत म्हणाले की ही नवीच गोष्ट आहे, मी कधी असे केले नाही, आताच याची गरज काय? मॅकेन्ड्री यांनी नम्रपणे उत्तर दिले की, तुम्ही आमचे बाप आहात, आम्ही तुमचे पुत्र. तुम्हाला त्याची गरज नव्हती, मी केवळ या सर्वांचा भाऊ आहे, मला आहे. म्हातारा हसून खाली बसला. तेव्हापासून प्रत्येक जनरल कॉन्फरन्सला बिशपांचे निवेदन वाचण्याची चाल पडली.

अ‍ॅस्बरी १८१६ च्या मार्चमध्ये वारले व मेमध्ये दोन नवे बिशप निवडले जाईपर्यंत साऱ्या अमेरिकेचा भार मॅकेन्ड्री यांच्या एकट्याच्या शिरावर होता. प्रकृती ढासळत चालली होती तरी फिरणे थांबले नाही. या काळातील त्यांची आवडती गोष्ट म्हणजे ओहायोतील वायंडॉट जमातीतले काम. ते काम आरंभिले होते जॉन स्टुअर्ट नावाच्या एका गरीब, स्वतंत्र निग्रो ख्रिस्ती माणसाने. १८१६ साली कोणीही न पाठविता, पगाराविना, तो एकटा त्या लोकांत जाऊन राहिला. १८१९ साली कॉन्फरन्सने ते मिशन आपल्या हाती घेतले. मॅकेन्ड्री यांनी लोकांकडून पैसे जमवून स्टुअर्टला जमिनीचा तुकडा घेऊन दिला आणि १८२२ साली स्वतः त्या जमातीत जाऊन राहिले, शाळा पाहिली, लोकांशी बोलले. स्टुअर्ट १८२३ साली वारला. वायंडॉट लोकांना मात्र त्यांच्या मंदिरासह ती भूमी सोडावी लागली. १८४३ साली सरकारने त्यांना कॅन्ससकडे नेले.

दोन ठिकाणी मॅकेन्ड्रींचे वागणे माझ्या मनाला रुचत नाही, तेही लिहिते. १८२० च्या जनरल कॉन्फरन्सने असा ठराव केला की, प्रिसायडिंग एल्डर यापुढे बिशपने सांगितलेल्या नावांतून कॉन्फरन्सने निवडावे. मॅकेन्ड्री आजारी होते, तरी त्यांनी हा ठराव मंडळीच्या घटनेविरुद्ध आहे असा निषेध नोंदविला. नवनिर्वाचित बिशप जोशुआ सोल यांनी तर पदच नाकारले. ठराव तहकूब झाला आणि १८२८ साली रद्दच झाला. सुधारणावादी लोक १८३० साली बाहेर पडून मेथडिस्ट प्रॉटेस्टंट मंडळी झाले. एकेकाळी ओकेलींच्या मागे उठून गेलेला मनुष्य सल्ला द्यावयास तयार होता, पण मत द्यावयास नव्हता. शिपायाची शिस्त अखेर वरचढ झाली, असे मला वाटते. सेनापतीने सरदारांचा सल्ला घ्यावा. सरदार शिपायांनी निवडू नयेत.

दुसरी गोष्ट अधिक जड आहे. मेथडिस्ट मंडळीने १७८४ साली गुलामगिरीविरुद्ध कडक नियम केला होता, तो लवकरच ढिला झाला. १८०८ साली गुलामांच्या खरेदीविक्रीचे नियम ज्या त्या कॉन्फरन्सने आपले आपण करावेत असे ठरले. १८१६ साली, मॅकेन्ड्री अध्यक्षस्थानी असताना, जनरल कॉन्फरन्सच्या कमिटीने कबूल केले की ही प्रथा न्यायाविरुद्ध आहे, पण सध्या फारसे काही करता येण्यासारखे नाही. मंडळी एक राहावी म्हणून ते गप्प राहिले असे म्हणतात. पण मंडळी एक राहिलीच नाही. त्यांच्या मरणानंतर नऊ वर्षांनी, १८४४ साली, बिशप अँड्र्यू यांच्या घरी गुलाम असल्यावरून वाद पेटला आणि उत्तर व दक्षिण अशी तिची दोन शकले झाली. ती १९३९ साली पुन्हा जुळली. स्टुअर्टसारख्या माणसाला जमीन मिळवून देणाऱ्या हातांनी त्याच्या जातभाईंसाठी नियम घट्ट धरावयास हवा होता.

आपल्या महाराष्ट्राशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध नाही, पण त्यांनी घडविलेल्या पद्धतीचा आहे. व्हर्जिनियातच जन्मलेले विल्यम टेलर १८४९ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर, सोन्यासाठी आलेल्या लोकांपुढे उपदेश करीत. तेच १८७१ च्या अखेरीस मुंबईस आले. त्यांनी मिशनचा पैसा न घेता घराघरांत क्लास भरविले, आणि त्यांतून मुंबईची मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. १८४८ पासून मुंबईत साधूसारखे राहणारे जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले. कुलाब्याच्या बोवेन मेमोरियल मंदिरात गेलेल्या भगिनींना हे नाव ओळखीचे असेल. ओंडक्यांच्या घरातील तो क्लास मुंबईच्या दिवाणखान्यात असा आला.

शेवटची वर्षे मॅकेन्ड्री टेनेसीत आपल्या नातलगांत राहिले, तरी बरे वाटले की निघत. १८३० साली इलिनॉयमधील लेबनन येथील शाळेस त्यांनी आपली ४८० एकर जमीन दिली. तीच आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. जो मनुष्य स्वतः शिकू शकला नाही आणि घोड्यावर बसून दुसऱ्यांना शिकवीत राहिला त्याची ही देणगी मला त्यांच्या साऱ्या उपदेशांहून बोलकी वाटते. १८३४ च्या नोव्हेंबरात नॅशव्हिलच्या मंदिरात त्यांनी शेवटचा उपदेश केला. ५ मार्च १८३५ रोजी, समनर परगण्यात, भाऊ डॉक्टर जेम्स यांच्या घरी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना मरण आले. सर्व ठीक आहे, एवढेच ते अखेर म्हणत होते. घरच्या स्मशानभूमीतच त्यांना पुरले. पण बदली तेथेही चुकली नाही. १८७६ साली त्यांच्या अस्थी तेथून काढून नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या आवारात नेण्यात आल्या. १८२० साली ज्यांनी त्यांच्या बाजूने बिशपपद नाकारले होते व पुढे १८२४ साली स्वीकारले, त्या जोशुआ सोल यांच्या शेजारी त्यांना ठेवले आहे.